विंझर ते खडकवासला : एका ट्रंकेची तयारी

डिसेंबरचे पंधरा दिवस आमच्या ओट्यावर एक काळी लोखंडी ट्रंक उघडी पडून होती. येणारा-जाणारा तिच्यात डोकावायचा आणि एखादी सूचना टाकून जायचा. कुणी म्हणे लोकरीची शाल ठेवा, कुणी म्हणे बदामाचे लाडू ठेवा, कुणी म्हणे औषधाची अख्खी पेटीच द्या. दादीनं तर तिच्या हातची गोधडी घडी करून आधीच तळाशी घालून ठेवली होती. ट्रंक एक आणि सल्ले पन्नास, अशी आमची अवस्था झाली होती.

मुलगा जाणार होता तो आमच्या डोंगराच्या पलीकडे. विंझरहून पाबे घाट चढून पलीकडे उतरलं की पानशेतचा रस्ता लागतो आणि थोड्याच वेळात खडकवासल्याचं पाणी दिसू लागतं. त्या पाण्याच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, सगळे तिला एनडीए म्हणतात. गेली कित्येक वर्षं आम्ही त्या रस्त्यानं पुण्याला कापड आणायला जातो. पाण्यापलीकडचा तो घुमट लांबून कितीदा पाहिला असेल, पण आपल्या घरातलं कुणी त्या फाटकातून आत जाईल हे मनात आलं नव्हतं. आमचं शिवणकामाचं दुकान. शाळेचे गणवेश, लग्नसराईचे सदरे, जुन्या पँटी आखूड करणं, यावर घर चालतं.

हा लेख लिहायचं कारण असं की, यादीत मुलाचं नाव आल्यावर आम्ही माहितीसाठी खूप वणवण केली. परीक्षा कशी द्यावी हे सांगणारे शंभर भेटले. पण निवड झाल्यावर ऐन थंडीत हजर होणाऱ्या मुलाच्या पायात कसले मोजे घालावेत, त्याच्या नडगीचं काय करावं आणि आई-बापानं सही करायच्या कागदात काय असतं, हे सांगणारा घरचा माणूस भेटला नाही. आम्ही चुकत चुकत जे शिकलो ते इथं मांडतो आहोत. ज्यांच्या घरात दहावी-बारावीचं मूल असं काही मनात घेऊन बसलं आहे, त्यांना याचा उपयोग होईल.

आधी थोडक्यात व्यवस्था. एनडीएची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. गणिताचे ३०० गुण, सामान्य क्षमता चाचणीचे ६००. त्यात उत्तीर्ण झाल्यावर पाच दिवसांची मुलाखत असते, तिचे ९००, आणि मग वैद्यकीय तपासणी. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. भूदलासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते. वायुदल आणि नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. एप्रिलच्या परीक्षेतून निवडलेली मुलं पुढच्या जानेवारीत दाखल होतात, सप्टेंबरच्या परीक्षेतली जुलैमध्ये. आत तीन वर्षं, म्हणजे सहा सत्रं. त्यानंतर भूदलाचे छात्र डेहराडूनला, नौदलाचे एझिमलाला आणि वायुदलाचे हैदराबादजवळ दुंडीगलला जातात. शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, औषधपाणी हा खर्च सरकारचा. पालकांना खिशाच्या खर्चाचे आणि सुरुवातीच्या काही कपड्यालत्त्याचे पैसे भरावे लागतात; नेमकी रक्कम सूचनापत्रात असते. ज्या घराचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे, त्या घरातल्या मुलाला खिशाच्या खर्चासाठी सरकारी मदत मिळते. तिचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो आणि निवड झाल्याबरोबर लगेच करायचा असतो. आम्हाला हे उशिरा कळलं, म्हणून मुद्दाम लिहितो.

यादीत नाव लागल्यावर नातेवाइकांत पहिला प्रश्न कुठला आला असेल? पुण्याच्या एका खालाजाननं फोनवर हळूच विचारलं, “तिथं आपल्या पोरांना घेतात का गं?” दुसऱ्या एकानं लगेच उत्तर दिलं की, ब्रिगेडियर उस्मान झाले, परमवीर अब्दुल हमीद झाले. ही नावं मोठीच आहेत. उस्मानसाहेब ३ जुलै १९४८ रोजी नौशेरा भागात शहीद झाले, हमीद १९६५च्या युद्धात खेमकरणला. पण खालाजानच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. तिला इतिहास नको होता. पोराला आत कसं वाटेल, हे तिला हवं होतं. त्याचं उत्तर आमच्याकडेही नव्हतं. एवढंच सांगता आलं की, लेखी परीक्षेच्या कागदावर नाव नसतं, नंबर असतो. मुलाखतीला पाच दिवस त्याच्या छातीवरही नंबरच होता, आणि शेवटची यादी गुणांनी लागली.

आता तयारीबद्दल.

लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं की, उमेदवारानं शरीर कसं ठेवावं : २.४ किलोमीटर पंधरा मिनिटांत पळावं, दोरीवरच्या उड्या माराव्यात, जोर आणि उठाबशांसारखे पोटाचे व्यायाम किमान वीस-वीस, बारला लटकून हनुवटी वर नेण्याचे किमान आठ, तीन-चार मीटर दोर चढावा आणि पंचवीस मीटर पोहावं. कागदावर हे फार वाटत नाही. गावाकडच्या पोराला तर नाहीच वाटत. आमचा मुलगा तोरण्यावर कितीदा गेला असेल याला हिशेब नाही. वेल्ह्यातून चढून दुपारच्या आत खाली, हा त्याचा सुट्टीचा खेळ. तोरणा १,४०३ मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. आम्ही समजून चाललो होतो की, याची तयारी झालेलीच आहे.

गावात एक निवृत्त सुभेदार आहेत, मराठा रेजिमेंटमधले. आमच्याच दुकानात त्यांचे सदरे शिवले जातात. आम्ही त्यांना सुभेदार काका म्हणतो. त्यांनी मुलाला एक दिवस पळवून पाहिलं आणि दुकानात येऊन बसले. “चाचा, पोराच्या छातीत दम आहे,” ते म्हणाले, “पण तो बकरीसारखा पळतोय. डोंगर चढणं वेगळं आणि रोज ठरल्या वेळेला, ठरल्या चालीनं, कंटाळा आला तरी पळणं वेगळं. तिथं दम कमी पडत नाही, पाय मोडतात.”

हे शेवटचं वाक्य आम्ही तेव्हा नीट ऐकलं नाही.

काकांनी वेळापत्रक आखून दिलं. फजरची नमाज झाली की बाहेर. ऑक्टोबरात ठीक होतं, नोव्हेंबरात आमच्या खोऱ्यात थंडी उतरली. विंझरची थंडी ज्यानं पाहिली नाही त्याला सांगतो : गुंजवणीच्या पाण्यावरून धुकं उठतं ते रस्त्यावर येऊन बसतं, गवतावर दहिवर असं की चप्पल भिजते. समोर राजगड आहे हे ठाऊक असतं म्हणूनच तो दिसतो, नाहीतर सूर्य वर येईपर्यंत तिकडे काहीच नसतं. अशात मुलगा मार्गासनीच्या दिशेनं पळत जायचा आणि परत यायचा. डांबरी रस्ता, सपाट, गाड्या कमी. आम्हाला वाटायचं, यापेक्षा चांगलं मैदान कुठलं?

इथं आमच्या दोन चुका झाल्या. एक म्हणजे डांबर. दुसरी म्हणजे बूट. यादी लागल्याच्या आनंदात अब्बांनी पुण्याहून त्याला नवे, महागातले, पळण्याचे बूट आणले आणि त्यानं पहिल्याच दिवशी ते घालून नेहमीचं सगळं अंतर पळून काढलं. टाचांना फोड आले. फोड फुटले, त्यावर पट्ट्या लावून तो पुन्हा पळाला. टाच दुखते म्हणून पाऊल वाकडं टाकू लागला आणि आठ-दहा दिवसांनी नडगी दुखायला लागली. आधी पळताना, मग पळून झाल्यावर, मग रात्री अंथरुणात सुद्धा. त्यानं आम्हाला सांगितलं नाही. एका पहाटे वजूसाठी बसताना त्यानं भिंतीला हात धरला, ते दादीनं पाहिलं. घरात तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

त्या रात्री जो वाद झाला तो या घरानं आधी कधी पाहिला नव्हता. मुलाचं म्हणणं एकच : वैद्यकीय तपासणी पास झालो आहे, आता डॉक्टरकडे गेलो आणि काही लिहून दिलं तर सगळं जाईल. कुणाला बोलू नका, दोन आठवड्यांत बरं होईल. अब्बांनाही मनातून तेच वाटत होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. तीन वर्षांची मेहनत, शिकवणीची फी, मुलाखतीच्या फेऱ्या. अम्मी म्हणाली, “पाय त्याचा आहे. नोकरी गेली तर दुसरी मिळेल.” मुलगा जेवला नाही.

सकाळी सुभेदार काकांना बोलावलं. त्यांनी अंगठ्यानं नडगीच्या हाडावरून हळूहळू दाबत नेलं. एका जागी मुलगा कळवळला. काका म्हणाले, “पसरून दुखतं ते स्नायूचं, बोटाएवढ्या जागेत दुखतं ते हाडाचं असू शकतं. लपवलेली नडगी तिसऱ्या आठवड्यात बोलते, पोरा. आणि तिथं बोलली तर सहा महिने मागे जाशील, इथं बोलली तर तीन आठवडे.”

पुण्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. क्ष-किरण चित्रात काही नव्हतं. पण डॉक्टरांनी समजावलं की, सतत आदळून हाडाला पडलेली केसासारखी चीर पहिल्या काही आठवड्यांत साध्या क्ष-किरणात बहुतेकदा दिसतच नाही. चित्र स्वच्छ आहे म्हणून पळायला लागू नका. सैन्यात भरती होणाऱ्या नव्या पोरांना हा त्रास जगभर होतो. ज्यांनी आधी हळूहळू पाय तयार केलेले नाहीत आणि एकदम भार वाढवला, त्यांना जास्त. त्यांनी रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व कमी निघालं. उन्हातान्हात हिंडणाऱ्या पोराला कमी कसं, याचं आम्हाला नवल वाटलं. पण गेलं वर्षभर तो सकाळ-संध्याकाळ खोलीत पुस्तकांपुढे होता, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

तीन आठवडे पळणं बंद. सुदैवानं तेवढे दिवस हातात होते. मग काय केलं? सायकल, आणि पोहणं. सायकलनं पायाला आपट बसत नाही आणि दम टिकतो. पोहायला तो आमच्याकडची सगळी पोरं शिकतात तसा लहानपणी विहिरीत शिकला होता, पाठीला रिकामा डबा बांधून. पण विहिरीतलं पोहणं म्हणजे उडी मारायची आणि कडेला यायचं. सरळ रेषेत पंचवीस मीटर जाणं त्याला जमत नव्हतं, श्वास कधी घ्यायचा ते कळत नव्हतं. ही उणीव दुखण्यामुळेच समोर आली. पुण्याला आत्याकडे राहून रोज तलावावर गेला आणि ते शिकून आला. परत पळायला लागला तेव्हा शेताच्या बांधावर, मुरमाच्या वाटेवर. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड, चालणं आणि पळणं आलटून-पालटून. दुखलं की थांबायचं आणि घरी सांगायचं, असं वचन दादीनं घेतलं.

ज्यांचं मूल जाणार आहे त्यांना म्हणूनच सांगतो : बूट दोन महिने आधी घ्या, दुपारनंतर घ्या, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. ज्या मोज्यांवर वापरायचे तेच मोजे घालून मापाला जा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. पहिले आठ दिवस घरातल्या घरात, मग बाजारापर्यंत, मग पळायला. काळे चामडी बूट तर याहून हट्टी असतात. आमच्या गावच्या चांभारदादांनी टाचेच्या आतल्या कडेला तेल लावून लाकडाच्या मुठीनं ती मऊ करून दिली, आणि पॉलिशची रीतही शिकवली : पातळ थर, कापसाच्या बोळ्यावर पाण्याचा थेंब, गोल गोल हात. मुलगा तासभर एक बूट घेऊन बसायचा. बहीण म्हणाली, “भाईजान, इतकं तोंड कधी पुसलं होतंस का?”

ट्रंक पुण्याच्या बोहरी आळीतून आणली. कडी-कोयंडा दोनदा उघडझाप करून पाहावा, पत्रा कडेला हात कापणारा नसावा, एवढंच तिथं बघायचं असतं. नाव पांढऱ्या रंगानं रंगवून घेतलं.

आत काय घालायचं? पहिला नियम म्हणजे बोलावण्याच्या कागदासोबत येणारी यादी. त्यात जे लिहिलं आहे ते, तेवढंच, त्याच रंगाचं. गणवेश आणि बरंच सामान तिथं मिळतं. घरच्या हौसेला जागा नाही. बदामाचे लाडू, शाल, चांदीची साखळी, हे सगळं ओट्यावरच राहिलं. आम्ही शिंपी, त्यामुळे कपड्यांबाबत मात्र आमचा थोडा अधिकार आहे, ते जरा सविस्तर सांगतो.

थंडीत जाड एकापेक्षा पातळ दोन बरे. पहाटे अंग थंड असतं, दहा मिनिटं पळलं की घाम, थांबलं की तोच घाम बर्फ. जाड स्वेटरखाली सुती बनियन घामानं भिजलं तर दिवसभर अंगाला चिकटून राहतं. शिवाय जाड सुती कपडा थंडीत रात्रीतून वाळत नाही, आणि मुलाला सकाळी तोच घालायचा असतो. म्हणून यादीत जिथं निवडीला वाव होता तिथं आम्ही लवकर वाळणारं, पातळ विणीचं घेतलं. मोज्यांचे जोड भरपूर घ्यावेत. ओला मोजा म्हणजे फोड, फोड म्हणजे वाकडी चाल, आणि वाकडी चाल कुठे नेते ते वर सांगितलंच.

पँटी शिवताना अब्बांनी आयुष्यभराच्या सवयीनं कंबर अगदी मापात बसवली. सुभेदार काका हसले. “महिन्यात याची कंबर उतरेल आणि वर्षात मांड्या भरतील. तेव्हा ही पँट कुठे जाईल?” पुन्हा उसवल्या. मागच्या शिवणीत भरपूर माया ठेवली आणि मुलाला उसवून परत टाके घालायला शिकवलं. सुई, काळा-पांढरा-खाकी दोरा, गुंड्या, छोटी कात्री अशी पुडी त्याच्या हातानंच बांधून घेतली. गुंडी लावायला तर त्याला लहानपणापासून येतं. शिंप्याच्या पोराला तिथं गिऱ्हाईक कमी पडणार नाही, असं आम्हाला वाटतं.

प्रत्येक कपड्यावर नाव हवं, कारण शंभर मुलांचे कपडे एकसारखे. अम्मीनं पांढऱ्या फितीवर लाल दोऱ्यानं नाव भरलं. नंबर तिथं गेल्यावर मिळणार, म्हणून प्रत्येक नावापुढे दोन बोटं जागा सोडली. मोज्यांवर, बनियनवर, टॉवेलवर, हातरुमालावर. चार रात्री ती हेच करत होती. रडली नाही, पण एका मोज्यावरचं नाव तिनं तीनदा उसवून पुन्हा भरलं.

बाकी बारीकसारीक : नखं कापायचं यंत्र, आणि नखं सरळ कापायची, कडेला गोल नाही. साधं व्हॅसलीन, मांड्या घासतात तिथं लावायला. पायाला लावायची पावडर. कोकमाचं तेल, भेगांसाठी. आमच्या घरात थंडीत याशिवाय दुसरं औषध नाही. तो घट्ट पांढरा गोळा दिव्यावर वितळवून भेगेत भरायचा असतो. तिथं दिवा कुठला, म्हणून आम्ही तो छोट्या डबीत वितळवून ओतून दिला. बोटाच्या उबेनं निघतो. दाढीचं सामान. यावर घरात थोडी कुजबुज झाली, कारण वरच्या ओठावर आत्ता कुठे काळी रेघ उमटू लागली होती आणि दादी तिच्याकडे कौतुकानं पाहायची. पण छात्रानं रोज गुळगुळीत दाढी करायची असते, आणि सैन्यदलांतल्या दाढीच्या नियमांचा प्रश्न २०१६ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाली निघालेला आहे. मुलाला हे आधी माहीत असलेलं बरं. त्यानं स्वतःच आरशापुढे उभं राहून ती रेघ काढली आणि हनुवटीला कापून घेतलं.

जानमाजचा प्रश्न अब्बांनी सोडवला. पातळ पॉपलीनची, कडा दुमडलेली, घडी केली तर हातरुमालाएवढी होते अशी शिवली. गळ्यात काही बांधायचं नाही हे ठरवलं, कारण पोहणं, बॉक्सिंग, दोर चढणं, यात गळ्यातला दोरा धोक्याचा. दादीची पहिली काळजी रोज्यांची. मौलानासाहेबांना विचारलं. ते म्हणाले, प्रवासी आणि आजारी माणसाला कुरआनातच सवलत आहे. बाकी त्याची परिस्थिती तिथं तोच पाहील, इथं बसून आपण त्याच्यासाठी ओझं बांधून देऊ नये. जेवणाचं म्हणाल तर मुलानं आधीच ठरवलं होतं : शंका असेल तिथं अंडी, दूध, डाळ, भाजी. गेली दोन वर्षं तो तसाही पनीरवरच होता, दादीला ते बिर्याणीचा अपमान वाटत असलं तरी.

आता तो कागद.

पालकांनी सही करायची दोन पत्रं असतात. एकात बंध असतो की, मुलानं स्वतःच्या मर्जीनं मध्येच सोडलं तर त्याच्यावर झालेला खर्च, सगळा किंवा काही भाग, परत करावा लागेल. हे समजण्यासारखं आहे. दुसऱ्यात लिहिलेलं असतं की, प्रशिक्षणात किंवा प्रशिक्षणामुळे मुलाला काही इजा झाली तर पालक वा मुलगा सरकारकडे भरपाई मागणार नाही. नडगीचं प्रकरण होऊन महिनाही झाला नव्हता. अब्बांनी वाचून कागद अम्मीकडे दिला. अम्मीनं तो वाचून परत टेबलावर ठेवला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही.

आम्ही चौकशी केली. जी मुलं प्रशिक्षणात कायमची जायबंदी होऊन घरी पाठवली जातात, ती तोपर्यंत अधिकारी झालेली नसतात, म्हणून त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. दरमहा काही सानुग्रह रक्कम मिळते, ती उपचारांना पुरेलच असं नाही. ऑगस्ट २०२५मध्ये वर्तमानपत्रातल्या बातमीवरून सर्वोच्च न्यायालयानं याची स्वतःहून दखल घेतली. १९८५पासून अशी सुमारे पाचशे मुलं देशभरातल्या सैनिकी संस्थांतून घरी आली, असं त्या बातमीत होतं. न्यायालयानं विमा आणि पुनर्वसनाबद्दल सरकारला विचारलं, आणि त्याच महिन्याच्या शेवटी माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ या मुलांना देण्याचा निर्णय झाला. म्हणजे दार थोडं उघडलं आहे, पूर्ण नाही. आम्हाला वाटतं की, देशासाठी सोळा-सतरा वर्षांचं मूल मागणाऱ्या कागदात इतका कोरडा मजकूर नसावा. हे आम्ही सही करणारे पालक म्हणून लिहितो आहोत.

मुलाला समोर बसवून ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं विचार करून सांगितलं, “अम्मी, दुखलं तर सांगेन. लपवणार नाही.” तिनं सही केली. अब्बांनी नंतर.

मुलींबद्दल दोन शब्द, कारण आमचीही एक नववीत आहे आणि ती हे सगळं ओट्याच्या पायरीवर बसून पाहत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१च्या आदेशानं मुलींना ही परीक्षा खुली झाली. २०२२मध्ये पहिल्या मुली खडकवासल्याला दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या सतरा जणी संचलन करत बाहेर पडल्या. महाराष्ट्र सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, १९७७पासून आहे, दहावीनंतर दोन वर्षं मुलांकडून तयारी करून घेते. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला निघाली आहे. साताऱ्याची सैनिक स्कूल १९६१ची, देशातली पहिली. आमच्या मुलाला यातलं काही लाभलं नाही, कारण आम्हाला माहीत नव्हतं. मुलीच्या वेळी माहीत आहे. तिनं आतापासून दोरीच्या उड्या सुरू केल्या आहेत, आणि मुरमावर.

निघायच्या दिवशी दादीची गोधडी ट्रंकेतून काढावी लागली. झाकण बसत नव्हतं, आणि कांबळी तिथं मिळतात. दुकानातल्या चाळीस वर्षांच्या चिंध्या त्या गोधडीत आहेत : शाळेच्या गणवेशाच्या, लग्नांच्या सदऱ्यांच्या, आजोबांच्या शेवटच्या कुर्त्याची बाही. दादी म्हणाली, “राहू दे. सुट्टीत येईल तेव्हा पांघरेल.” सुभेदार काका ट्रंक गाडीत चढवायला आले होते. त्यांनी मुलाला सांगितलं की, आत पुढच्या वर्षांत जे सर्वांत खडतर शिबिर असतं, त्याचं नाव कॅम्प तोरणा. मुलगा हसला. त्या सकाळी धुकं लवकर उठलं होतं आणि पाबे घाटाच्या वळणावरून मागे वळून पाहिलं तर तोरणा पूर्ण दिसत होता.

फाटकापाशी आम्हाला फार वेळ मिळाला नाही. कागद पाहिले, नावं लिहिली, मुलांची रांग झाली. कुणी हरियाणाचं, कुणी केरळचं, एकाची आई साडीच्या पदरात तोंड लपवून उभी होती. अम्मीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

पंधरा-सोळा दिवसांनी फोन आला, जेमतेम चार मिनिटांचा. नडगी ठीक आहे म्हणाला, पहिल्या आठवड्यात दुखली तेव्हा सांगितलं आणि दवाखान्यात दाखवून दोन दिवस पळण्यातून सूट मिळाली. थंडी विंझरपेक्षा कमीच आहे, पण झोप पुरत नाही. पँटची कंबर खरंच उतरली, स्वतः टाके घातले, खोलीतल्या दोघांच्याही घालून दिल्या. अब्बांनी विचारलं, काही हवंय का, पाठवू. तो म्हणाला, “खाकी दोरा संपला.”